आधी रुंदी, मग माणसे : लंडनच्या मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सची वाटचाल

१८५५ साली लंडनमधल्या स्ट्रँड या हमरस्त्याची फरसबंदी सात वेगवेगळ्या मंडळांकडे होती. नॉर्थम्बरलंड हाऊस या सरदारी वाड्यापासून टेंपल बारच्या वेशीपर्यंत हा रस्ता जेमतेम पाऊण मैलाचा. एका मंडळाने आपला तुकडा नीट केला म्हणून पुढच्यानेही करावा, असे कोणावर बंधन नव्हते. सेंट पॅन्क्रस या एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, फरसबंदीची मंडळे सोळा होती आणि त्यांचे कायदे एकोणतीस. सर्व लंडनचा असा हिशेब खासदार सर बेंजामिन हॉल यांनी त्या वर्षी पार्लमेंटपुढे मांडला. सुमारे ३०० संस्था, अडीचशे स्थानिक कायदे आणि दहा हजारांहून अधिक सभासद मिळून जगातल्या सर्वांत मोठ्या शहराचा गाडा ओढत होते. जो तो आपापल्या दिशेने. या गोंधळातून जे मंडळ उभे राहिले, त्याने पुढल्या तेहतीस वर्षांत लंडनच्या रस्त्यांना आजचे रूप दिले. मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स हे त्याचे नाव. लंडनकर त्याला नुसते 'बोर्ड' म्हणत.

बोर्डापूर्वीचे लंडन

१८५१ च्या जनगणनेत लंडनची लोकसंख्या २३ लाखांवर गेली होती. रेल्वे येऊन पंधरा वर्षे झाली होती, पण स्थानके शहराच्या कडेला होती. गाडीतून उतरलेला माणूस आणि माल यांना पुढचा प्रवास मध्ययुगीन गल्ल्यांतूनच करावा लागे. घोड्यांची लीद, चाकांखाली दळलेल्या दगडाची भुकटी, धुराड्यांची काजळी आणि पाऊस यांचा मिळून काळा चिखल होई. तो तुडवणे टाळायचे तर रस्ता ओलांडताना पुढे झाडू चालवणाऱ्या गरीब पोराच्या हातावर नाणे ठेवावे लागे. हा एक रीतसर धंदाच झाला होता.

सुधारणेचे प्रयत्न झालेच नव्हते असे नाही. १८३८ पासून पार्लमेंटच्या समित्यांनी नव्या रस्त्यांचे आराखडे तपासले आणि सरकारी खात्याचे वास्तुविशारद जेम्स पेनेथॉर्न यांनी ते जमिनीवर उतरवले. न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीट १८४७ साली आणि व्हिक्टोरिया स्ट्रीट १८५१ साली खुला झाला. या रस्त्यांमागे दुहेरी हिशेब होता. वाहतूक सुटेल आणि रस्ता मुद्दाम झोपडपट्टीतून नेला तर घाणीची वस्तीही हटेल. न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीट सेंट जाइल्सच्या कुप्रसिद्ध वस्तीतून असाच आरपार काढला गेला.

वस्ती हटली, पण माणसे शेजारच्या गल्लीत सरकली. चर्च लेन नावाच्या गल्लीतल्या २७ घरांत १८४१ साली ६५५ माणसे राहत होती. १८४७ साली त्याच घरांत १,०९५ माणसे मोजली गेली. रस्तारुंदीत ज्यांची खोली गेली, त्यांनी उरलेल्या खोल्यांत दाटी केली होती. रुंद झालेल्या रस्त्याच्या मागे अशी अरुंद झालेली गल्ली असते, हे आकडे छापून आले तरी त्यावर उपाय शोधायला आणखी तीस वर्षे जायची होती.

स्थापना आणि पहिली माणसे

१८५५ च्या मेट्रोपोलिस मॅनेजमेंट ॲक्टने जुनी मंडळे मोडीत काढली. मोठ्या पॅरिशांच्या व्हेस्ट्र्या, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार निवडलेल्या स्थानिक पंचायती, आणि लहान पॅरिशांची मिळून जिल्हा मंडळे अशी घडी बसली. गल्लीबोळांची झाडलोट, दिवाबत्ती आणि फरसबंदी त्यांच्याकडे राहिली. साऱ्या शहराला लागणारी मोठी कामे, म्हणजे मुख्य गटारे आणि मुख्य रस्ते, नव्या बोर्डाकडे आली. बोर्डाचे ४५ सभासद व्हेस्ट्र्यांनी, जिल्हा मंडळांनी आणि सिटी या लंडनच्या जुन्या गाभ्याच्या कॉर्पोरेशनने निवडून पाठवायचे होते. सामान्य करदात्याचे मत थेट बोर्डापर्यंत पोहोचत नव्हते. ही उणीव जन्मापासूनची, आणि शेवटी तीच बोर्डाला भोवली.

२२ डिसेंबर १८५५ रोजी गिल्डहॉलमध्ये पहिली बैठक झाली. अध्यक्षपदी जॉन थ्वेट्स निवडून आले. कापडाच्या व्यापारातून वर आलेला हा गृहस्थ पुढची चौदा वर्षे, १८७० साली मृत्यू येईपर्यंत, त्या खुर्चीवर होता. मुख्य अभियंता म्हणून जोसेफ बॅझलजेट यांची नेमणूक १८५६ मध्ये झाली आणि ते बोर्डाच्या अखेरच्या दिवसापर्यंत राहिले. १८६१ पासून जॉर्ज व्हलियामी हे मुख्य वास्तुविशारद होते. अध्यक्ष बदलले, सभासद आले-गेले. पण नकाशे काढणारे हात पंचवीस-तीस वर्षे तेच राहिले. बोर्डाच्या कामात जी सलगता दिसते, तिचे मूळ या स्थैर्यात आहे.

पहिली तीन वर्षे हातपाय बांधलेल्या अवस्थेत गेली. ५०,००० पौंडांवरच्या कामाला सरकारची आणि १,००,००० पौंडांवरच्या कामाला पार्लमेंटची मंजुरी लागे. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटच्या सभासदांना स्वतःच्याच इमारतीत बसवेना, तेव्हा कायदा झपाट्याने बदलला आणि गटारांच्या कामासाठी बोर्डाला मोकळीक व कर्ज काढण्याचा अधिकार मिळाला. बॅझलजेट यांनी पुढे बांधलेली ८२ मैलांची मुख्य गटारे प्रसिद्ध आहेत. रस्त्यांच्या इतिहासात त्यांचे महत्त्व असे की, शहराच्या पोटात शिरून काम करण्याची सवय बोर्डाला या गटारांनी लावली.

पैसा कोठून आला

रस्ता आखणे सोपे असते. त्याखालची जमीन विकत घेणे महाग असते. १८४५ च्या भूसंपादन कायद्यानुसार घरमालकाला, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्टेदाराला आणि चालू दुकान हलवावे लागणाऱ्या व्यापाऱ्याला मोबदला मिळे. रक्कम मान्य नसेल तर लवाद किंवा ज्युरी बसे. आठवड्याच्या भाड्याने राहणाऱ्या मजुराला मात्र कायद्याने काहीच देणे लागत नव्हते.

बोर्डाचे उत्पन्न मुख्यतः घरपट्टीवरच्या अधिभाराचे. ते अपुरे पडे आणि वाढवले की व्हेस्ट्र्या ओरड करत. मदतीला आला एक जुना कर. लंडनमध्ये येणाऱ्या कोळशाच्या प्रत्येक टनावर १३ पेन्स जकात होती आणि दारूवरही होती. १८६१ च्या कायद्याने कोळशावरच्या जकातीतले ९ पेन्स थेम्सकाठच्या बंधाऱ्याच्या निधीकडे वळवण्यात आले. लंडनच्या प्रत्येक चुलीतून उठणाऱ्या धुराबरोबर रस्त्याच्या खात्यात पैसे जमा होऊ लागले. १८६९ मध्ये बोर्डाला स्वतःच्या नावाचे साडेतीन टक्क्यांचे रोखे विकण्याची परवानगी मिळाली. त्यामुळे आज बांधलेल्या रस्त्याचे पैसे पुढच्या पिढीकडूनही फेडून घेता येऊ लागले.

पहिले रस्ते : वर एक, खाली एक

१८५७ मध्ये मंजूर झालेल्या रस्त्यांत दोन महत्त्वाचे. कॉव्हेंट गार्डनजवळचा गॅरिक स्ट्रीट लांबीला अगदीच लहान. तो १८६१ साली पुरा झाला. थेम्सच्या दक्षिणेचा, ७० फूट रुंदीचा सदर्क स्ट्रीट १८६४ साली.

गॅरिक स्ट्रीटच्या खाली माणूस उभा राहून चालू शकेल असे एक भुयार बांधले होते. गॅस आणि पाण्याचे नळ त्यातून नेले. नळ गळला तर कामगाराने कंदील घेऊन आत उतरायचे, सांधा बदलायचा आणि वर यायचे. वरून जाणाऱ्या घोडागाडीला त्याचा पत्ताही लागू नये. तोवर प्रत्येक कंपनी आपल्या सवडीने फरसबंदी उखडत असे. एकीने बुजवलेला खड्डा दुसरी उकरत असे आणि रस्ता कधीच पुरा होत नसे. सदर्क स्ट्रीटच्या खालीही असेच भुयार बांधले गेले. कंपन्या सुरुवातीला तयार नव्हत्या. गॅसचा स्फोट होईल अशी भीती त्यांनी घातली. बोर्ड मागे हटले नाही आणि पुढे प्रत्येक मोठ्या नव्या रस्त्याखाली भुयार हा शिरस्ता पडला. ताज्या डांबरावर आठवड्यात चर खणलेला पाहण्याची सवय झालेल्या आपल्या शहरांतल्या वाचकाला या भुयाराचे मोल वेगळे सांगायला नको.

मोठ्या रस्त्यांच्या जोडीने बारीक कामेही चालू होती. नवा रस्ता वाहनांसाठी असेल तर किमान ४० फूट आणि फक्त पादचाऱ्यांसाठी असेल तर किमान २० फूट रुंद असावा, असा उपनियम बोर्डाने १८५७ मध्येच केला. घरांची पुढची रेघ कोठे असावी हे बोर्ड ठरवू लागले. एकाच नावाचे डझनावारी रस्ते होते, त्यांची नावे बदलली. घरांना सलग क्रमांक दिले. व्हेस्ट्रीने एखादा कोपरा कापून रस्ता मोकळा करायचे ठरवले तर खर्चाचा मोठा वाटा, अनेकदा निम्मा, बोर्ड उचलत असे. होबर्नमध्ये तर रस्त्याच्या मधोमध मिडल रो नावाची घरांची एक रांगच उभी होती आणि वाहतूक तिच्या दोन्ही अंगांनी घासत जाई. पिढ्यान्‌पिढ्या तक्रारी झालेली ही रांग १८६७ मध्ये पाडली गेली.

नदीकडून घेतलेला रस्ता

बोर्डाच्या कामाचा कळस म्हणजे व्हिक्टोरिया एम्बँकमेंट. स्ट्रँडवरची गर्दी कमी करायची तर त्याला समांतर रस्ता हवा, आणि त्यासाठी जागा घ्यायची तर शेकडो घरे पाडावी लागतील. बोर्डाने जागा नदीकडून घेतली. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या गाळाच्या पट्ट्यावर ग्रॅनाइटची भिंत बांधून मागे भराव घातला. १८६२ साली मंजुरी मिळाली आणि १८६४ मध्ये काम सुरू झाले. वेस्टमिन्स्टर पुलापासून ब्लॅकफ्रायर्स पुलापर्यंत सुमारे सव्वा मैल लांबीत ३७ एकर जमीन नव्याने तयार झाली.

या रस्त्याचा आडवा छेद डोळ्यांसमोर आणावा. वर १०० फुटांची रुंदी. त्यातला ६४ फूट गाडीरस्ता, नदीच्या बाजूला २० फूट आणि आतल्या बाजूला १६ फूट पदपथ, कडेला झाडे. भिंतीलगत खाली नळांचे भुयार आणि त्याखाली मुख्य गटार. आतल्या बाजूला भूमिगत रेल्वेचा बोगदा. म्हणजे एका रस्त्यात चार रस्ते, आणि त्यातले तीन वरून दिसत नाहीत.

अडचणी कमी आल्या नाहीत. व्हाइटहॉलच्या नदीकाठी सरकारी जमिनीच्या भाडेपट्ट्यावर राहणाऱ्या बड्या मंडळींना आपल्या बागेपुढून सार्वजनिक रस्ता नको होता. ड्यूक ऑफ बक्लू त्यांत आघाडीवर होते. वर्तमानपत्रांत आणि पार्लमेंटमध्ये त्यावर मोठा गदारोळ झाला आणि अखेर रस्ता सलग न्यायचे ठरले. धक्क्यांच्या मालकांना मोबदला द्यावा लागला. रेल्वे कंपनीकडे पैसे नव्हते. तिचा बोगदा होईपर्यंत वरचा रस्ता पुरा करता येईना. कंत्राटदार जॉर्ज फर्नेस आणि ए. डब्ल्यू. रिटसन यांचे मजूर भरती-ओहोटीचे वेळापत्रक सांभाळून पाण्यात पाया घालत होते. रेल्वे मे १८७० मध्ये धावली आणि १३ जुलै १८७० रोजी प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते रस्ता खुला झाला. थ्वेट्स यांनी तो पाहिला आणि पुढच्याच महिन्यात त्यांचे निधन झाले.

पलीकडच्या तीरावरचा आल्बर्ट एम्बँकमेंट त्याआधीच, नोव्हेंबर १८६९ मध्ये झाला होता. चेल्सी एम्बँकमेंट १८७४ मध्ये झाला. व्हिक्टोरिया एम्बँकमेंटच्या मागे मिळालेल्या जमिनीवर सरकारला कचेऱ्या बांधायच्या होत्या. डब्ल्यू. एच. स्मिथ या खासदाराने १८७० मध्ये पार्लमेंटमध्ये त्याविरुद्ध आवाज उठवला आणि त्या जागी लोकांना बाग मिळाली. व्हलियामी यांनी काठावर माशांच्या वेटोळ्यांचे दिवे बसवले. डिसेंबर १८७८ मध्ये तिथे विजेचे दिवेही लागले, परंतु ते परवडेनात म्हणून १८८४ मध्ये पुन्हा गॅसकडे वळावे लागले.

विस्ताराचे दशक

थ्वेट्स यांच्यानंतर सर जेम्स मॅकगॅरल-हॉग अध्यक्ष झाले. एम्बँकमेंट आणि सिटीचा मध्य जोडणारा ७० फुटी क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीट १८७१ मध्ये पुरा झाला. ग्रेट ईस्टर्न स्ट्रीट १८७६ मध्ये आणि क्लार्कनवेल रोड १८७८ मध्ये झाला.

याच काळात नॉर्थम्बरलंड हाऊसचा प्रश्न सुटला. सतराव्या शतकाच्या आरंभीचा, शिखरावर सिंहाचा पुतळा मिरवणारा हा वाडा ट्रॅफल्गर चौक आणि एम्बँकमेंट यांच्या मधे उभा होता. ड्यूकच्या घराण्याने आधी ठाम नकार दिला होता. अखेरीस सुमारे ५ लाख पौंडांना व्यवहार झाला. १८७४ मध्ये वाडा पाडला आणि सिंह ड्यूकच्या सायन हाऊस या दुसऱ्या वाड्याला गेला. १८७६ मध्ये नॉर्थम्बरलंड ॲव्हेन्यू खुला झाला. येथे बोर्डाने रस्त्यापुरती जमीन न घेता सगळी जागा घेतली होती. रस्त्याच्या दोन्ही कडांचे भूखंड पुढे हॉटेलांना आणि क्लबांना दिले आणि त्यातून खर्चाहून जास्त पैसा आला. एरवीच्या रस्त्यांत बोर्ड अरुंद पट्टी महाग घेई आणि रस्त्यामुळे वाढलेल्या किमतीचा फायदा शेजारच्या मालकाला मिळे. नॉर्थम्बरलंड ॲव्हेन्यूने हिशेब उलटा करून दाखवला.

श्रेय एकट्या बोर्डाचे नव्हते. सिटीच्या एका चौरस मैलात जुने सिटी कॉर्पोरेशन आपली कामे स्वतः करत होते. होबर्नच्या दरीतला उभा चढ घोड्यांचा जीव घेई. कॉर्पोरेशनचे अभियंता विल्यम हेवूड यांनी तेथे उड्डाणमार्ग बांधला. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी व्हिक्टोरिया राणीने होबर्न व्हायाडक्ट आणि नवा ब्लॅकफ्रायर्स पूल यांचे एकाच दिवशी उद्घाटन केले. थ्रेडनीडल स्ट्रीटवर १८६९ मध्ये दाबलेल्या डांबराचा थर घातला गेला. रस्ता गुळगुळीत झाला, आवाज कमी झाला, पण पावसात घोडे घसरू लागले. ग्रॅनाइट टिकाऊ पण खडखडीत, लाकडी ठोकळे शांत पण कुजणारे, डांबर स्वच्छ पण निसरडे. हेवूड यांनी कोणत्या फरशीवर घोडे किती वेळा पडतात याची मोजदादच केली. त्यात लाकडाची फरशी सर्वांत सुरक्षित ठरली. वाहतुकीला आडवी आलेली टेंपल बारची कमान कॉर्पोरेशनने १८७८ मध्ये उतरवली, दगड क्रमांक घालून जपले आणि ती पुढे गावाबाहेरच्या एका बागेत उभी राहिली.

सामान्य लंडनकराच्या दृष्टीने मोठी घटना मात्र पुलांची. थेम्सवरच्या अनेक पुलांवर खासगी कंपन्या टोल घेत. १८७७ च्या कायद्याने बोर्डाला ते विकत घेता आले. वॉटर्लू पूल ५ ऑक्टोबर १८७८ रोजी मुक्त झाला. २४ मे १८७९ रोजी, राणीच्या वाढदिवशी, लॅम्बेथ, व्हॉक्सहॉल, चेल्सी, आल्बर्ट आणि बॅटर्सी हे पाच पूल मुक्त झाले. १८८० मध्ये पश्चिमेकडचे हॅमरस्मिथ, पुटनी आणि वाँड्सवर्थ. रोज कामाला नदी ओलांडणाऱ्या मजुराचा जातायेता द्यावा लागणारा पैसा वाचला.

पंधरा माणसांची अट

बोर्डाच्या वाटचालीतला सर्वांत अवघड टप्पा पुलांच्या कायद्याच्या वर्षीच, १८७७ मध्ये, सुरू झाला. त्या वर्षीच्या स्ट्रीट इम्प्रूव्हमेंट्स ॲक्टने सोहो आणि सेंट जाइल्समधून दोन मोठे रस्ते काढायला मंजुरी दिली, पण एक अट घातली. कष्टकरी वर्गातल्या पंधराहून अधिक माणसांना घराबाहेर काढायचे असेल, तर आधी त्यांची दुसरीकडे सोय झाली आहे, अशी गृहमंत्र्यांची खात्री पटली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी, १८७५ मध्ये झालेल्या क्रॉस ॲक्टने गलिच्छ वस्त्या पाडून तिथे पुन्हा गरिबांचीच घरे बांधण्याची जबाबदारी बोर्डावर टाकली होती आणि मोकळे झालेले भूखंड पीबॉडी ट्रस्टसारख्या संस्थांना तोट्यात द्यावे लागत होते. चर्च लेनच्या १,०९५ माणसांची नोंद आता कायद्याच्या कलमात उतरली होती.

बोर्डाने ही अट आनंदाने घेतली नाही. घरे बांधायला जागा नाही, जागा मोकळी करायची तर माणसे हलवावी लागतात, आणि माणसे हलवायची तर आधी घरे हवीत, अशा चक्रात नकाशे वर्षानुवर्षे पडून राहिले. बोर्डाने पार्लमेंटकडे सवलत मागितली. १८८३ मध्ये अट सैल झाली आणि न्यूपोर्ट मार्केटची जागा कामगारांच्या चाळींसाठी ठरली. त्यानंतर जानेवारी १८८६ मध्ये शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यू आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये चेरिंग क्रॉस रोड खुला झाला. दोन्हींची रुंदी ६० फूट. गरिबांसाठी हयात घालवलेल्या आणि नुकत्याच वारलेल्या लॉर्ड शाफ्ट्सबरी यांचे नाव पहिल्या रस्त्याला दिले गेले. ते शोभून दिसावे असे काहीतरी त्या रस्त्याने निदान अंशतः केले होते.

नऊ वर्षांचा उशीर झाला म्हणून त्या काळी बोर्डावर टीका झाली. महाराष्ट्रात धरणग्रस्तांच्या चळवळीने 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही मागणी घराघरांत पोहोचवली, त्या भूमीतल्या वाचकाला तो उशीर वेगळा दिसेल. माणसांची सोय करायला लागलेली वर्षे ही रस्त्याच्या खर्चाचाच एक भाग होती. बोर्डाने तो खर्च कुरकुरत का होईना, मान्य केला.

अखेर आणि वारसा

शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यूच्या कामातच बोर्डाची पत गेली. पिकॅडिली सर्कसजवळच्या उरलेल्या भूखंडांच्या व्यवहारात काही अधिकाऱ्यांनी लाच खाल्ल्याचे आरोप १८८६ पासून वर्तमानपत्रांत येऊ लागले. १८८८ मध्ये लॉर्ड हर्शेल यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन बसले. काही अधिकारी आणि मोजके सभासद दोषी ठरले. बहुसंख्य सभासदांनी प्रामाणिकपणे काम केल्याचेही कमिशनने नोंदवले. पण लोकांनी थेट न निवडलेल्या मंडळाला लोकांपुढे उभे राहून बाजू मांडता येत नव्हती. १८८८ च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टने लंडन काउंटी कौन्सिल ही थेट निवडून येणारी संस्था निर्माण केली. २१ मार्च १८८९ रोजी बोर्ड विसर्जित झाले. दोनच दिवसांनी बोर्डाने योजलेली वुलिचची मोफत फेरी नव्या कौन्सिलचे अध्यक्ष लॉर्ड रोझबरी यांच्या हस्ते सुरू झाली.

कौन्सिलने बोर्डाचे नकाशे पुढे नेले. बोर्डाच्या काळात आखलेला रोझबरी ॲव्हेन्यू १८९२ मध्ये खुला झाला आणि ब्लॅकवॉलचा बोगदा १८९७ मध्ये. १८९९ च्या कायद्याने मंजूर झालेला १०० फुटी किंग्जवे १९०५ मध्ये खुला झाला, खाली ट्रामच्या भुयारासह. घरांच्या बाबतीत कौन्सिल एक पाऊल पुढे गेले आणि बांधकामही स्वतःच करू लागले. शोरडिचजवळच्या जुन्या वस्तीच्या जागी उभी केलेली बाउंड्री स्ट्रीट वसाहत १९०० मध्ये खुली झाली. उठवलेल्या माणसांपैकी मोजकीच तेथे परत येऊ शकली, कारण नव्या घरांचे भाडे त्यांना परवडणारे नव्हते. सोय करणे आणि ज्याची त्यालाच सोय मिळणे यांत अजून अंतर होते.

लंडनला लोकनियुक्त कौन्सिल देणारे १८८८ हेच वर्ष मुंबई महानगरपालिकेच्या कायद्याचेही. तो घडवण्यात फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाट वस्तीतून हवेशीर रस्ता काढायचा आणि कडेला नव्या चाळी बांधायच्या, ही रीत विलायतेतल्या शहरांनी आधीच घालून दिली होती. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्या ट्रस्टचेच रस्ते. ज्यांची घरे त्यात गेली त्यांचे काय झाले, हा प्रश्नही रस्त्यांबरोबर गिरगाव-डोंगरीत आला.

बॅझलजेट १८९१ मध्ये वारले. एम्बँकमेंटच्या भिंतीवरच्या त्यांच्या स्मारकावर, त्यांनी नदीला बेड्या घातल्या अशा अर्थाची लॅटिन ओळ आहे. काउंटी कौन्सिलच्या जागी १९६५ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिल आले, १९८६ मध्ये तेही गेले, आणि २००० पासून महापौर आणि ग्रेटर लंडन ऑथॉरिटी कारभार पाहतात. संस्था बदलत गेल्या, रस्ते तेथेच आहेत. एम्बँकमेंटच्या वर मोटारी, आत डिस्ट्रिक्ट लाइनची गाडी आणि खाली गटार आजही चालू आहे. त्या गटारांवरचा भार हलका करण्यासाठी बांधलेला टाइडवे बोगदा २०२५ मध्ये पूर्णपणे जोडला गेला. त्या कामात ब्लॅकफ्रायर्सजवळ नदीतून मिळवलेल्या नव्या मोकळ्या जागेला बॅझलजेट एम्बँकमेंट असे नाव दिले आहे. टेंपल बारची कमानही २००४ मध्ये सिटीत परतली. आता ती सेंट पॉल्सशेजारी पायी चालणाऱ्यांच्या चौकात उभी आहे, वाहतुकीच्या आड न येता.

स्ट्रँडच्या पाऊण मैलासाठी सात मंडळे असलेल्या शहरात बोर्डाने एकच नकाशा टेबलावर मांडला. त्या नकाशावर आधी रस्त्याची रुंदी आली, मग रस्त्याखालचे भुयार आले आणि सर्वांत शेवटी, पंधरा माणसांच्या अटीने, रस्त्याकडेला राहणारी माणसे आली. तेहतीस वर्षांत हा क्रम पुरा उलटला नाही. तरी माणसांशिवाय नकाशा पुरा होत नाही, एवढे त्या कायद्याने लिहून ठेवले, आणि पुढच्या प्रत्येक मंडळाला तेथूनच सुरुवात करावी लागली.